जुन्या गाडीतला जळका वास: दुरुस्तीनंतरचे सात महिने

आपल्याकडे दिवाळीनंतर गाडीत जळका वास आला की आधी काचा वर होतात. कुणीतरी उसाचं पाचट पेटवलेलं असतं, नाहीतर बांधावरचं गवत. आमच्या गाडीतला वास मी महिनाभर असाच पाचटाच्या नावावर खपवला. परभणीहून मानवतला जाताना यायचा, येताना यायचा. मग एकदा शहरात, वसमत रोडवर, सिग्नलला उभे असताना आला आणि बायको म्हणाली, "अहो, इथं कुठंय ऊस?"

गाडी 2010 ची, पेट्रोल, सेकंड हँड घेतलेली. काट्यावर तेव्हा 1 लाख 18 हजार किलोमीटर होते.

पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता "क्लच प्लेट गेली" म्हणून 9 हजारांचा आकडा सांगितला. मला ते पटेना. क्लचचा वास घाटात, रिव्हर्सला, अर्ध्या क्लचवर गाडी रेटली की येतो. माझा तर न्यूट्रलमध्ये उभं असताना यायचा. तरी मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन जागच्या जागी बंद पडलं. म्हणजे क्लच धरतोय. प्लेट घसरत असती तर इंजिन फिरत राहिलं असतं. ब्रेक जाम असेल म्हणून एका फेरीनंतर चारही चाकांच्या जवळ हात नेऊन पाहिला, गरमपणा सारखाच. बेल्टची किरकिर नव्हती. कूलंट उकळल्याचा वास गोडसर असतो, तोही नव्हता. हा कढईतलं तेल करपल्यासारखा होता.

खरा धागा सापडला तो ब्लोअरच्या खटक्यात. बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरती ठेवली की वास निम्म्याने कमी. बाहेरची हवा समोरच्या काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून आत येते आणि बॉनेटखाली जे काही जळतं ते तिथूनच आत शिरतं. गाडी पळती असली की वारा बराचसा उडवून नेतो, थांबली की सगळं वर येतं. तेव्हा आग नसली तरी धूर इंजिनच्याच डोक्यावर कुठेतरी होता.

मग जुन्या मेकॅनिक चाचांकडे गेलो. त्यांनी टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या, मागच्या कडेने बोट फिरवलं, ते काळंभोर निघालं. पॅकिंगचं रबर वाळून खापरासारखं झालेलं. तिथून झिरपणारं ऑइल खालच्या तापलेल्या एक्झॉस्टवर पडत होतं. मी रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला होता, त्यावर एक थेंब नव्हता, असं सांगितलं तर म्हणाले, "सर, खाली यायला ते उरतंय कुठं? वरच्यावर जळून चाललंय." डिपस्टिकवर मात्र पातळी खालच्या खुणेला टेकली होती, आणि सायलेन्सरातून निळा धूर नव्हता, म्हणजे ऑइल इंजिनच्या आत जळत नव्हतं.

डिसेंबरात पॅकिंग बदललं. पॅकिंग आणि मजुरी मिळून 700 रुपये. दोन-तीन दिवस वास तसाच, कारण एक्झॉस्टवरच्या पत्र्यावर मुरलेलं जुनं ऑइल जळून संपायचं होतं. नंतर गेला. जानेवारीच्या अखेरीस पुन्हा हजर! मी चिडून बोल्ट आणखी आवळायला निघालो होतो, चाचांनी हात धरला. जास्त आवळलं की पॅकिंग दबून फाटतं, कव्हरही वाकतं. या वेळी त्यांनी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी झडप, काढला. चांगला असला की हलवल्यावर खुळखुळतो. आमचा चिकट्याने मुका झालेला. इंजिनातला दाब बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तो पॅकिंगमधून ऑइल ढकलत होता. "इंजिनाला श्वास घेऊ द्या की," म्हणाले. नवा व्हॉल्व्ह, पुन्हा पॅकिंग, कोपऱ्यांवर सीलंटचा ठिपका. डिसेंबरातच हे झालं असतं तर एक पॅकिंग वाचलं असतं, हे मी त्यांना म्हणालोही. ते हसले.

त्यानंतर साडेसहा हजार किलोमीटर झाले. मे महिन्यात 43 अंशांत एसी लावून परळीहून अंबाजोगाईला बालाघाट चढलो, वर जाऊन थांबलो, नाक लावलं. काही नाही. ऑइल अजून थोडं कमी होतं, तीन हजार किलोमीटरला पाव लिटरच्या आत. या वयाच्या इंजिनाला तेवढं मी माफ केलंय. मूळ मालकाने हेडलाइटला घातलेले 100/90 वॅटचे बल्ब तेवढे काढून टाकले. वायरिंग 60/55 च्या हिशेबाचं, होल्डर पिवळा पडू लागला होता.

मधे मार्चात एक वेगळीच भानगड. गावाकडे मुक्काम करून निघालो आणि चार किलोमीटरवर कापड जळाल्याचा वास. हा तेलाचा नाही, हे नाकाला लगेच कळलं. बॉनेट उघडलं तर एक्झॉस्टच्या पत्र्यावर कापसाचा बोळा, कडा तांबूस झालेल्या. भाव वाढेल म्हणून ओसरीलगतच्या खोलीत कापूस भरून ठेवलेला, गाडी त्याच भिंतीला, आणि रात्री गार पडलेल्या इंजिनावर उंदरांनी बाळंतपणाची तयारी केलेली. हा सगळ्यात धोक्याचा प्रकार होता. ऑइल झिरपून धुमसतं, कापूस भडकला असता. चिमट्याने एकेक पुंजका काढला, वायरी तपासल्या, एका वायरीला दात लागले होते तिथे टेप मारली. आता गाडी अंगणात लिंबाखाली उभी करतो, आणि गावाहून निघताना चावी लावायच्या आधी बॉनेट उघडतो.

कुणीतरी सांगितलं म्हणून तंबाखूची पुडी फडक्यात बांधून बॅटरीशेजारी ठेवली होती. उंदीर तिच्याकडे फिरकले की नाही, सांगता येत नाही. पुडी मात्र दर मुक्कामाला हलकी होते, आणि थोरले बंधू सकाळी सकाळी "गाडी बघतो जरा" म्हणत बॉनेट उघडतात.