लॉगिन स्क्रीन दिसली आणि मी पैसे दिले

बॅकअपचं काम मी एका तंत्रज्ञाला वार्षिक करारावर दिलं होतं. लिनक्स, बीटीआरएफएस फाइलसिस्टम (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत), रोज रात्री स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची त्या क्षणीची स्थिती, आणि त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर, असं ठरलं होतं. दर महिन्याला तो स्क्रीनवर यादी दाखवायचा: रूट (सिस्टमचा भाग) आणि होम (माझ्या फाइलींचा भाग), दोन्हींचे स्नॅपशॉट, एकही तारीख चुकलेली नाही. मी समाधानाने बिल द्यायचे.

ती यादी खरी होती, पण आतल्याच डिस्कवरची. स्नॅपशॉट घेताना डेटाची वेगळी प्रत होत नाही. मूळ फाइल आणि स्नॅपशॉट डिस्कवरचे तेच ब्लॉक वापरतात, म्हणूनच तो क्षणात तयार होतो. चुकून पुसलेली फाइल त्यातून मिळते. डिस्कच गेली तर स्नॅपशॉटही जातात.

माझी गेली. एका सकाळी बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, ती दिसेचना.

तो आला, नवी डिस्क बसवली, बाहेरच्या डिस्कवरून रूट परत आणलं, एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना काय काय जोडायचं त्या यादीत, नवा यूयूआयडी (ओळख क्रमांक) घातला, लिनक्स सुरू करून देणारा ग्रब बसवला. लॉगिन स्क्रीन आली. “झालं काम,” म्हणाला. मी तिथेच ठरलेले जादा पैसे दिले. तो गेल्यावर लॉगिन केलं, तर होममध्ये माझ्या नावाचं फोल्डर होतं आणि आत काहीही नव्हतं. माझ्या सगळ्या भाषांतरांचे मसुदे त्यात होते.

फोनवर म्हणाला, डेटा करप्ट झाला असेल, रिकव्हरीचा वेगळा खर्च येईल. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण परत आलेल्या रूटमध्ये त्याचीच बॅकअप स्क्रिप्ट होती. होम हा वेगळा सबव्हॉल्यूम, म्हणजे फाइलसिस्टममधला स्वतंत्र भाग; रूटच्या स्नॅपशॉटमध्ये तो येत नाही. त्याला वेगळं पाठवावं लागतं. ते पाठवणाऱ्या ओळीपुढे हॅश (#) टाकून ती बंद केली होती, आणि फाइलमधला शेवटचा बदल आठ महिन्यांपूर्वीचा होता. त्या आठही महिन्यांच्या बिलांवर ‘होमसह बॅकअप’ लिहिलेलं आहे. शिवाय एफएसटॅबमध्ये होमची नोंद असताना तो सबव्हॉल्यूम नसता, तर बूट अडकलं असतं. म्हणून त्याने माझ्या नावाच्या फोल्डरसकट रिकामा होम स्वतः बनवला. होम नाही हे त्याला पैसे घेताना माहीत होतं. याला मी हलगर्जी म्हणणार नाही.

तुमचंही काम असं कुणाकडे असेल तर यादीवर विसंबू नका. बाहेरच्या डिस्कवरच्या प्रत्येक सबव्हॉल्यूमवर ‘बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम शो’ ही कमांड चालवायला सांगा. सेंड-रिसीव्हने, म्हणजे एका डिस्कवरून दुसरीवर पाठवून, आलेल्या प्रतीत ‘रिसीव्ह्ड यूयूआयडी’समोर लांब क्रमांक असतो, जागच्या जागी घेतलेल्या साध्या स्नॅपशॉटमध्ये तिथे नुसती रेघ असते. होमची प्रत आहे का आणि ती कालची आहे का, हे वेगळं बघा. मग सुट्या डिस्कवर सगळं परत आणायला लावा, त्यावरून मशीन सुरू करा आणि काल स्वतः लिहिलेली फाइल स्वतः उघडा. पैसे त्यानंतर.

मसुद्यांपैकी ईमेलने पाठवलेले तेवढे मिळाले. स्क्रिप्ट आणि आठ बिलं जोडून मी त्याला लेखी तक्रार पाठवली आहे. उत्तर आलेलं नाही.