नाणी कशात ठेवायची, पॉकेट अल्बम की कार्डबोर्ड होल्डर?

नाशिकजवळच्या अंजनेरीचं नाणे संग्रहालय बघून आलो आणि नाद लागला, आता पंचवीसेक देशांची नाणी झालीत. पहिल्यांदा मेन रोडवरून स्वस्तातला पॉकेट अल्बम (पानांवर नाण्यांसाठी पारदर्शक कप्पे असतात तो) आणला, मस्त वाटला, पानं उलटली की दोन्ही बाजू दिसतात, पाहुण्यांना दाखवायला बेस्ट. पण त्याला नव्या रेनकोटसारखा वास होता, म्हणजे पीव्हीसी, आणि हे प्लास्टिक हळूहळू चिकट होतं, तांब्याच्या नाण्यांवर हिरवा थर चढतो. माझ्या दोन नाण्यांवर एका पावसाळ्यातच चढला, शुद्ध अ‍ॅसिटोनने निघाला पण डाग राहिलेच. (नेलपेंट रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल-सुगंध असतात.) अल्बमच घ्यायचा तर पॉलिप्रोपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकचा बघा.

होल्डर म्हणजे दोन इंची चौकोनी पुठ्ठा, मधे मायलरची (पातळ पारदर्शक प्लास्टिकची) खिडकी, दुमडून स्टेपल करायचा. गोची मापाची, खिडकी नाण्याएवढी लागते. २ युरोचं नाणं २५.७५ मिमी, ब्रिटनचं सातकोनी ५० पेन्स २७.३ मिमी, अमेरिकन क्वार्टर (पाव डॉलर) २४.२६, त्यामुळे मिक्स मापांचं पाकीट घ्या. आणि पिनांची टोकं पकडीने सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा ठरलेला. पुठ्ठ्यावर देश, साल लिहिता येतं, अरबी लिपीतले आकडे वाचताना डोकं फिरतं तेव्हा हे लई कामाचं.

मी तरी होल्डरच घेतो, डब्यात उभे लावून सोबत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी. अल्बममध्ये फक्त डबल नाणी.