खाऱ्या टाकीसाठी थेंबांचा टेस्ट किट : वापरल्यावरचं मत

खाऱ्या पाण्याची टाकी लावायचं मनात असेल तर मासे आणि दिवे बघण्याआधी थेंबांचा टेस्ट किट घ्या. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच चारही तपासणारा, आणि समुद्री पाण्याचं वेगळं रंगपत्रक असलेला. गोड्या पाण्याच्या पत्रकावर खाऱ्या पाण्याचे रंग जुळवू नका. मी बेळगावात शहापूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ट्यूब आणि रिएजंट रोज हातात असतात, त्यामुळे घरगुती किटवर माझा चटकन विश्वास बसत नाही. यावर बसला.

नवी टाकी भरली की एक-दोन दिवसांत पाणी नितळ होतं. मग दुकानदार म्हणतो, "पाणी निवळलंय की अक्का, घाला मासे." पण निवळलेलं पाणी आणि तयार पाणी यांत फार फरक आहे. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाद्य कुजूनही तोच तयार होतो. एका गटाचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती दगडांवर आणि वाळूत बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. विरजण लागायच्या आधी दही कसं मागणार? त्यात समुद्री पाण्याचा पीएच 8.1 ते 8.3, आणि पीएच जितका चढा तितका अमोनियाचा विषारी हिस्सा जास्त. अशा पाण्यात सोडलेल्या माशाचे कल्ले जळतात, तो वर येऊन धापा टाकतो. मुक्या जिवाला हे भोगायला लावायचं कशाला?

म्हणून मी टाकी मासे न घालता पिकवली, म्हणजे आधी जीवाणूंची वस्ती बसू दिली. लॅब ग्रेडचं अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, घालून अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम) नेला. कल्हईवाल्याकडचा नवसागर चालेल का, असं मला विचारतात. नको. त्यात आणखी काय असेल सांगता येत नाही. आणि लवकर व्हावं म्हणून जास्तही घालू नका, 5 पीपीएमच्या वर जीवाणूंचीच वाढ अडते.

आता किटबद्दल. अमोनियासाठी 5 मिली पाण्यात पहिल्या बाटलीचे 8 थेंब, दुसरीचे 8, हलवून 5 मिनिटं थांबायचं. बाटली अगदी उभी उलटी धरा. तिरकी धरली की थेंबांचा आकार बदलतो आणि आकडाही. पिवळं राहिलं तर शून्य, हिरवं चढत गेलं तर अमोनिया आहे. नायट्राइट शून्य असेल तर फिकट निळं, वाढलं की जांभळं. माझ्या टाकीत आधी हिरवा गडद झाला, मग तो उतरू लागला तसा जांभळा चढला. तो बराच काळ हटेना. शेवटी एका सकाळी ट्यूब निळीच राहिली, तेव्हा मी ती खिडकीशी धरून घरातल्या सगळ्यांना दाखवली.

उणिवा आहेत. अमोनियाच्या 0 आणि 0.25 या छटा इतक्या जवळच्या आहेत की टाकीच्या निळ्या दिव्याखाली काहीच कळत नाही. दिवसाच्या उजेडात, मागे पांढरा कागद धरून बघा. नायट्रेटची दुसरी बाटली तळाशी बसते. ती 30 सेकंद जोरात हलवली नाही, आणि थेंब टाकल्यावर ट्यूब पूर्ण मिनिटभर हलवली नाही, तर आकडा खोटा कमी येतो. उलट पाण्यात नायट्राइट असताना नायट्रेट फुगवून दिसतं, म्हणून त्या काळात तो आकडा मनावर घेऊ नका. सूचना फक्त इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरात. मराठी नाही, कन्नडही नाही. तरी पाण्यात बुडवायच्या टेस्ट पट्ट्यांपेक्षा हा किट केव्हाही बरा, कारण बऱ्याचशा पट्ट्यांवर अमोनियाच नसतो.

आपल्याकडची पाण्याची गोष्टही सांगते. बेळगावच्या नळाला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, क्लोरीन घालून. क्लोरीन जीवाणूंनाही मारतं, म्हणून समुद्री मीठ कालवायला आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार जवळजवळ पूर्ण काढलेलं पाणी घ्या. पिण्याच्या आरओत बऱ्याचदा मिनरल परत मिसळतात, ते चालत नाही. थंडीत आपल्या रात्री गार असतात आणि गारठ्यात जीवाणू मंदावतात, तेव्हा हीटर 26 अंशांवर ठेवा. चोर्ला घाटातून गोव्याला गेलात तर किनाऱ्यावरून जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, उचलून आणू नका, खडकाळ कोरलांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कोरडे दगड घ्या, जीवाणू त्यांवरही बसतात.

2 पीपीएम अमोनिया घालून 24 तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी तयार. मग बरंचसं पाणी बदलून नायट्रेट उतरवा, घनता 1.025 आहे ना बघा, आणि मासे एक-दोन करूनच सोडा. प्रत्येक भर टाकल्यावर अमोनिया पुन्हा तपासा. कोरल ठेवणाऱ्यांना अल्कलिनिटी (पाण्याची पीएच टिकवून धरायची ताकद) आणि कॅल्शियमचे किट वेगळे घ्यावे लागतील, ते या डब्यात नाहीत. आणि दुकानात पैसे देण्याआधी बाटल्यांवरची मुदत वाचून घ्या.