अकरा महिने, सहा कोड आणि एक वाया गेलेला सेन्सर

गेल्या सप्टेंबरात चिपळूणहून परत येताना कुंभार्ली घाटात चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी नेहमीसारखीच चढत होती, आवाजात फरक नव्हता, पण हेळवाक येईपर्यंत माझा अर्धा जीव त्या दिव्यात अडकलेला. साताऱ्यात आल्यावर एका गॅरेजात दाखवली. त्यांनी लॅपटॉप जोडला, दोन मिनिटांत काढला, पाचशे रुपये घेतले आणि ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ म्हणून मोकळे झाले. कोड कुठला आला, असं विचारलं तर ‘मॅडम, तुम्हाला काय करायचंय त्याचं?’ मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमच्या विषयात एवढ्यावर उत्तराचे मार्क मिळत नाहीत. त्याच रात्री गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारा, साडेसातशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी अ‍ॅडॉप्टर मागवला.

गाडी २०१५ची, पेट्रोल, बाराशे सीसी, चार सिलिंडरची हॅचबॅक. चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर झालेत. आपल्याकडे एप्रिल २०१३पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायची पद्धत) सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरची गाडी असेल तर स्टिअरिंगखाली कुठेतरी तो लावायचं सोळा पिनांचं सॉकेट सापडतंच. माझ्या गाडीत ते फ्यूज बॉक्सच्या झाकणाआड होतं. नऊ वर्षं गाडी चालवली, कधी दिसलं नव्हतं.

अ‍ॅडॉप्टरवर ‘ईएलएम ३२७, व्हर्जन १.५’ असं आतल्या चिपचं नाव छापलंय. गंमत म्हणजे मूळ चिप बनवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीने १.५ व्हर्जन कधी काढलंच नव्हतं. म्हणजे हा उघड उघड डुप्लिकेट माल. तरी चालतो. अँड्रॉइड फोनला जोडताना पिन १२३४ टाकला आणि झालं. मुलीच्या आयफोनला मात्र तो दिसलाच नाही. आयफोनवाल्यांनी वायफाय किंवा ब्लूटूथ एलई असलेला घ्यावा. अ‍ॅप फुकटचं घेतलं होतं, महिन्याभराने पैसे भरून पूर्ण घेतलं, कारण लाइव्ह डेटाचा आलेख फुकटात मिळत नव्हता. आणि खरी मजा त्या आलेखातच आहे.

पहिला कोड निघाला पी०१३५. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड. गॅरेजवाल्याचं बरोबरच होतं की! मी अठ्ठावीसशे रुपयांचा सेन्सर मागवला, आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडून बसवला, कोड पुसला. तीन दिवसांनी दिवा पुन्हा हजर. कोड तोच.

मग लाज बाजूला ठेवून कोडचं वाक्य पुन्हा वाचलं. त्यात ‘सेन्सर खराब’ असं कुठेच नव्हतं, ‘हीटर सर्किट’ असं होतं. सर्किट म्हणजे फ्यूज, वायर, कनेक्टर, हीटर, अर्थिंग सगळंच. वर्गात पोरांना हेच ओरडून सांगते मी! जुना सेन्सर अजून डिकीत होता. मल्टिमीटर लावला तर हीटरचा रेझिस्टन्स सहा ओहम, म्हणजे ठणठणीत. मग इंजिन चालू ठेवून कनेक्टरवर व्होल्टेज पाहिलं, तर शून्य. फ्यूज उडालेला होता. नवा टाकला, दोन दिवसांत तोही गेला. मिस्त्री म्हणाले, ‘मॅडम, यंत्र काय म्हणतंय ते ऱ्हाऊ द्या, आधी वायरिंग सोडवू.’ फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) उंदराने वायरचं रबर कुरतडलं होतं आणि उघडी तांब्याची तार बॉडीला टेकत होती. आमच्या पार्किंगशेजारी करवंट्यांचा ढीग असतो, तिथलीच ती मंडळी. वायर जोडून वर स्लीव्ह चढवली, दहा रुपयांचा फ्यूज टाकला. त्यानंतर पी०१३५ आलेला नाही. इलेक्ट्रिकल माल दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे एक चांगला सेन्सर माझ्या कपाटात पडून आहे. कोणाला हवा असेल तर सांगा.

डिसेंबरात पी०१७१ आला. मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. या वेळी काहीही विकत घ्यायचं नाही, असं ठरवूनच बसले. पेट्रोल इंजिनाला एक भाग पेट्रोलमागे साधारण १४.७ भाग हवा लागते, वजनाने. ऑक्सिजन सेन्सर धुराड्यात बसून ‘हवा जास्त झाली’, ‘आता कमी झाली’ असं सांगत राहतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो. किती टक्के वाढवलं, ते अ‍ॅपमध्ये फ्युएल ट्रिम म्हणून दिसतं. पाच-सात टक्के इकडेतिकडे चालतं. माझ्या गाडीचा लाँग टर्म ट्रिम (बऱ्याच काळात मुरलेला आकडा) आयडलला, म्हणजे पायाने रेस न देता इंजिन चालू असताना, अधिक २१ होता. ईसीयू बिचारा चमच्या-चमच्याने जास्तीचं पेट्रोल ओतत होता आणि तरी पुरत नव्हतं.

आता पुढचं पाहा. गाडी जागेवर उभी ठेवून अडीच हजार आरपीएमवर धरली, तर ट्रिम अधिक ५वर आला. हा फरक म्हणजे जवळजवळ उत्तरच. आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) बंद असतो, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, ओढ जबरदस्त असते आणि इंजिनाला लागणारी एकूण हवा थोडी असते. अशा वेळी एखाद्या फटीतून चोरवाटेने आलेली हवा हिशोबात मोठी दिसते. थ्रॉटल उघडला की तीच गळती एकूण हवेत विरघळून जाते. पेट्रोल फिल्टर तुंबलेला किंवा पंप थकलेला असता तर उलटं झालं असतं, लोड वाढेल तसा ट्रिम चढत गेला असता. (माझ्या गाडीत हवा मोजणारा मॅफ सेन्सर आहे, म्हणून हे गणित इतकं सरळ बसलं. ज्या गाड्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालतात, त्यांत अशी गळती ट्रिमपेक्षा बऱ्याचदा वाढलेल्या आयडलच्या रूपाने दिसते.)

गळती शोधायला काही जण गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारतात. पेटायची चीज आहे ती, मी हात लावला नाही. मिस्त्रींनी एकेक नळी चिंध्या गुंडाळलेल्या पकडीने हलकेच दाबायला सुरुवात केली, मी शेजारी फोन धरून आकडे वाचत होते. पीसीव्हीची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी नळी दाबली आणि इंजिनाचा सूर बदलला, पडद्यावर शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) ट्रिम धाडकन खाली. नळीला खालच्या बाजूने भेग होती, वरून बघून कधीच कळली नसती. दोनशे वीस रुपये लागले. त्या दिवसापासून मिस्त्री या अ‍ॅडॉप्टरला ‘खेळणं’ म्हणायचे थांबले.

एप्रिलमधला कोड मात्र माझ्याच कर्तृत्वाचा. एअर फिल्टर घरी बदलला आणि दुसऱ्या दिवशी पी०११३. लाइव्ह डेटा उघडला तर आत येणाऱ्या हवेचं तापमान उणे ४० अंश! साताऱ्यात, भर एप्रिलात. एअर बॉक्सवरचा दोन तारांचा प्लग जोडायचा मी विसरले होते. हा सेन्सर थर्मिस्टर असतो, थंडीत त्याचा रेझिस्टन्स वाढतो. तार तुटली किंवा प्लग निघाला की रेझिस्टन्स अनंत, मग ईसीयूला वाटतं की आपण सैबेरियात आहोत. तेव्हा कुठल्याही तापमानाच्या जागी उणे ४० दिसलं तर सेन्सर मागवण्याआधी प्लग बघा. अकरावीच्या वर्गात हे उदाहरण आता दरवर्षी देणार.

जूनच्या पहिल्या पावसात पी०३०२, दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. दिवा लुकलुकत होता. नुसता लागलेला दिवा घेऊन माणूस घरापर्यंत येऊ शकतो. लुकलुकत असेल तर अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी बाजूला घ्यावी, कारण न जळलेलं पेट्रोल धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो भाग फार महाग असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइल आपसात बदलल्या. कोड पी०३०३ झाला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला. कॉइल बदलली, संपलं. ही अदलाबदल फुकट आहे आणि पाना असेल तर दहा मिनिटांची आहे.

आता तक्रारी. सर्वांत मोठी म्हणजे हा अ‍ॅडॉप्टर गाडी बंद असतानाही बॅटरी खातो. सॉकेटच्या सोळाव्या पिनेवर बॅटरीचा करंट कायम असतो आणि या स्वस्त मालाला झोपणं माहीत नाही. दिवाळीत तो तसाच लावून आम्ही बारा दिवस गावी गेलो. आलो तेव्हा सेल्फने फक्त टकटक केली. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप स्टार्ट केल्यावर पहिला कोड आला पी०५६२, सिस्टिमचं व्होल्टेज कमी! आजार देणारा आणि निदान करणारा एकच. तेव्हापासून काम झालं की काढून जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवते.

दुसरं म्हणजे एबीएस आणि एअरबॅगचे कोड यात दिसत नाहीत, निदान माझ्या गाडीत तरी. त्या दिव्यांसाठी चांगला स्कॅनरच लागतो. मधूनच कनेक्शन तुटतं. आणि कोड पुसायचं बटण फार हाताशी आहे. पुसण्याआधी फ्रीज फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या. दिवा लागला त्या क्षणी वेग, आरपीएम, तापमान, लोड काय होतं, हे त्यात नोंदलेलं असतं आणि कोडबरोबर तेही पुसलं जातं. मी पहिल्यांदा उत्साहात पुसून बसले होते.

या पुसण्याचाच एक किस्सा. भाच्याला सेकंडहँड गाडी घ्यायची होती. विकणारा म्हणाला, ‘काहीही प्रॉब्लेम नाही, स्कॅन करून बघा.’ केलं. एकही कोड नाही. पण रेडिनेस मॉनिटर (गाडी चालता चालता स्वतःच करते त्या तपासण्या) सगळे ‘अपूर्ण’, आणि कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर फक्त ९ किलोमीटर. म्हणजे आम्ही यायच्या आधी कोणीतरी पाटी कोरी केली होती. बॅटरी बदलल्यावरही असं होऊ शकतं, म्हणून विचारलं, तर बॅटरी दोन वर्षांची जुनी. भाचा म्हणाला, ‘आत्या, चहा घेऊन निघूया.’ निघालो. साडेसातशे रुपये तिथेच वसूल झाले.

सहावा कोड अजून सुटलेला नाही. पी०४२०, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता कमी. तब्येत चांगली असेल तर कन्व्हर्टरनंतर बसवलेल्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरची आलेखातली रेघ ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत असते. माझी पुढच्या सेन्सरसारखीच वरखाली उड्या मारतेय. जूनमधल्या मिसफायरने कन्व्हर्टरला भाजलं असेल, ही भीती आहेच. पण सायलेन्सरच्या जॉइंटमधून बाहेरची हवा आत ओढली गेली तरी मागचा सेन्सर फसू शकतो, आणि थंड इंजिन सुरू केल्यावर खालून फुसफुस येते खरी. पीयूसी मात्र झाली, तिथे फक्त धूर तपासतात, सॉकेटला कोणी हात लावत नाही. एकाने टाकीत ओतायची क्लीनरची बाटली सुचवली, ती घेतली नाही. कन्व्हर्टरची किंमत विचारली आणि फोन ठेवला. मिस्त्रींचं म्हणणं, आधी गॅस्केट बदलू, शंभर-दीडशेचं काम आहे. रविवारी पाऊस उघडला तर गाडी खड्ड्यावर घेणार आहेत. ‘तुमचं ते यंत्र घेऊन या,’ असा निरोप आलाय.