दीर्घिकासमूहाचं वस्तुमान: क्ष-किरणांवरून काढावं की लेन्सिंगवरून?

समूहातला तप्त वायू क्ष-किरण सोडतो; लेन्सिंग म्हणजे समूहाच्या गुरुत्वाने मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकणं. वायू कुठे आणि किती, एवढाच प्रश्न असेल तर क्ष-किरण घ्या, तिथे वादच नाही. तेज घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, म्हणून समूहाचा गाभा लख्ख दिसतो. कडेला मात्र हेच अंगाशी येतं: घनता दहापट घटली की तेज शंभरपट घटतं आणि उरते ती बहुतांशी पार्श्वभूमी.

कृष्णद्रव्य, म्हणजे फक्त गुरुत्वातून जाणवणारं अदृश्य द्रव्य, शोधायचं असेल तर क्ष-किरणांना एक गृहीतक लागतं: वायू शांत आहे आणि त्याच्या दाबाने गुरुत्वाला तोलून धरलं आहे. मग तापमान, त्याचा उतार आणि घनतेचा उतार यांतून वस्तुमान निघतं. ५ केईव्ही (सुमारे ५.८ कोटी केल्विन) तापमान, १ मेगापार्सेक (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं) त्रिज्या आणि उतारांची बेरीज उणे २.४ धरली, तर सुमारे ४४० लाख कोटी सूर्यांएवढं. तापमान १० टक्के चुकलं तर वस्तुमानही तेवढंच चुकतं, आणि फार तप्त समूहांत चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीचं तापमान एक्सएमएम-न्यूटन या दुसऱ्या क्ष-किरण दुर्बिणीपेक्षा चढंच येतं. तेही एकवेळ चालवून घेता येईल.

खटकतं ते वेगळंच. दोन समूह एकमेकांवर आदळत असतील तर दाबाचा काही भार वायूच्या खळबळीवर असतो. सूत्राला त्याचा पत्ता नसतो, त्यामुळे वस्तुमान सहसा कमी भरतं. एरर बार (आलेखात अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) मात्र छोटेच राहतात, कारण ते फक्त फोटॉन मोजतात. चूक होते आणि आलेखात दिसत नाही. बुलेट समूहात, म्हणजे एकमेकांवर आदळलेल्या दोन समूहांत, वायू टकरीने मागे रेंगाळला आणि वस्तुमानाची शिखरं दीर्घिकांसोबत पुढे गेली. २००६ मध्ये हे दाखवलं ते लेन्सिंगने.

वीक लेन्सिंग, म्हणजे मागच्या दीर्घिकांच्या आकारांत आलेला किंचित ताण (शिअर) मोजणं, हेही सोपं नाही. मागच्या प्रत्येक दीर्घिकेच्या मूळ आकाराचा गोंधळ साधारण ०.३, आणि मोजायचा शिअर ०.०५ च्या घरात. ९०० दीर्घिकांची सरासरी घेतली की चूक ०.०१ वर येते, म्हणजे संकेताच्या २० टक्के. मागच्या म्हणून निवडलेल्यांत २० टक्के समूहाच्याच दीर्घिका शिरल्या तर शिअरही २० टक्क्यांनी पातळ होतो, आणि ही भेसळ केंद्राजवळ सर्वांत जास्त. उपाय म्हणजे समूहाच्या लाल पट्ट्याहून (त्याच्या बहुतेक दीर्घिकांच्या एकसारख्या लाल रंगाहून) अधिक लाल दीर्घिकाच घ्यायच्या, संख्या घटली तरी. दृष्टिरेषेवर दुसरं काही आलं तर तेही वस्तुमानात मिसळतं. पण इथला मुख्य गोंगाट एरर बारमध्ये उघड दिसतो, आणि वायू शांत आहे की खवळलेला याने फरक पडत नाही. म्हणून माझा कल इकडे.

अपवाद जवळच्या, निवांत समूहांचा. पर्सियसच्या गाभ्यात हितोमी या क्ष-किरण उपग्रहाला २०१६ मध्ये खळबळीचा वेग सेकंदाला १६४ किलोमीटरच मिळाला. खळबळीचा दाब औष्णिक दाबाच्या सुमारे ४ टक्के. तिथे क्ष-किरणांवर खुशाल विसंबा, शिवाय इतक्या जवळच्या समूहाचं लेन्सिंग दुबळंच असतं. ०.२ ते ०.५ रेडशिफ्टचा (म्हणजे बराच दूरचा), आकार वेडावाकडा असलेला समूह हाती असेल तर एकूण वस्तुमान लेन्सिंगने काढा, क्ष-किरणांनी मिळालेला वायू त्यातून वजा करा, आणि केंद्रातला भेसळीचा भाग फिटमधून वगळा.