3.2 टक्के म्हणे! सरकारी बेरोजगारी आकड्याचा रिव्ह्यू (5 पैकी अडीच स्टार)

मिक्सर आणि मिसळीचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, म्हटलं आपल्याच टॅक्सच्या पैशातून बनणाऱ्या एका प्रॉडक्टचा टाकू. नाव पीएलएफएस, म्हणजे पिरियॉडिक लेबर फोर्स सर्व्हे, कोण काम करतं आणि कोण बेकार ते मोजणारा. केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय घरोघरी माणसं पाठवून हा सर्व्हे करतं आणि बातम्यांत "देशातली बेरोजगारी अमुक टक्के" म्हणतात ते यातूनच येतं. 2017-18 ला 6.1 टक्के होती, 2023-24 ला 3.2. ऐकायला मस्त वाटतं, पण मग मावशीकडे गेलं की डोकं फिरतं.

मावसभाऊ बीएस्सी झालाय. सकाळी साडेसातला काकांच्या, म्हणजे त्याच्या पप्पांच्याच, किराणा दुकानाचं शटर वर करतो, दुधाच्या पिशव्या मोजून घेतो, दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर बसूनच मोबाईलवरून सीव्ही पाठवत राहतो. पगार शून्य, गाडीत पेट्रोल टाकायचं तरी काकांपुढे हात पसरायचा. आता उद्या सर्व्हेवाले आले तर हा पोरगा बेरोजगार नाही बरं का! तो कोड 21, घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीस, म्हणजे रोजगार असलेला. बेरोजगाराचा कोड 81, आणि तो लागायला हाताला काहीच काम नसायला हवं.

बरं हा एकटाच असता तर सोडून दिलं असतं. पण याच सर्व्हेत असे बिनपगारी मदतनीस 2017-18 ला काम करणाऱ्यांमध्ये 13.6 टक्के होते, 2023-24 ला 19.4 झाले, म्हणजे जवळजवळ पाचातला एक. त्याच काळात काम करणाऱ्या किंवा काम मागणाऱ्या बायकांचं प्रमाण 23.3 वरून 41.7 वर गेलं. चांगलंच आहे की, पण त्यातल्या किती जणींच्या हातात स्वतःचा पैसा येतो ते 3.2 कडे बघून कळणार आहे का?

दुसरी गंमत म्हणजे एकाच डब्यात दोन माल. 3.2 हा वर्षभराचा हिशोब, त्यात 30 दिवस जोडकाम केलं तरी माणूस कामावर धरतात. आठवड्याच्या हिशोबाने तेच वर्ष 4.9 येतं, आणि तिथे तर सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं की झालं! मे 2025 पासून दर महिन्याला आकडा यायला लागलाय तो या आठवडेवाल्या पद्धतीचा, पहिलाच एप्रिलचा 5.1 होता. आता टीव्हीवर कोणी 3.2 ओरडतो कोणी 5.1, दोघंही खोटं बोलत नाहीत आणि ऐकणाऱ्याला मात्र काहीच कळत नाही. मुंबईची सीएमआयई ही खासगी संस्था वेगळा सर्व्हे करते, तिचा आकडा तर बऱ्याचदा याच्याही वर असतो.

आकडे घरी बसून बनवतात असं मात्र मी म्हणणार नाही. एक तासाचा नियम आयएलओचाच (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) आहे, जगभर चालतो. फक्त जिथे बेकारभत्ता नाही तिथे गरीब माणूस रिकामा बसूच शकत नाही, काहीतरी करतोच, त्यामुळे हा मीटर आपल्याकडे कमीच दाखवणार. बेरोजगारी कशी मोजायची ते बघणाऱ्या दांतवाला समितीने 1970 लाच सांगितलं होतं की बाबांनो, बेरोजगारी एका आकड्यात बसवू नका. ऐकतंय कोण.

माझा खरा राग डिलिव्हरीवर आहे. पहिला रिपोर्ट तयार असून अडकवला म्हणून जानेवारी 2019 मध्ये सांख्यिकी आयोगाचे पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले, मग पेपरात आकडा फुटला, सरकार म्हणालं हा फक्त ड्राफ्ट आहे, आणि अधिकृत रिपोर्ट आला 31 मे ला, निवडणूक उरकून नवं सरकार शपथ घेऊन बसल्यावर! आकडा तोच, 6.1. मग ड्राफ्ट ड्राफ्ट काय लावलं होतं?? एकदा असं झालं की पुढचा प्रत्येक आकडा माणूस उलटापालटा करूनच घेतो.

अडीच स्टार कशाचे, तर सगळा कच्चा डेटा मंत्रालयाच्या साइटवर फुकट मिळतो, सवड असेल तर स्वतः चाळून बघा. मी हेडलाइन सोडून थेट मागच्या टेबलांवर जातो, पगारी किती, स्वतःचा धंदा किती, बिनपगारी किती. भावाला कोड 21 चं सांगितलं तर काउंटरवरून ओरडला, "पप्पा, मी कामाला आहे म्हणे तुमच्याकडे, मग पगार?" काका म्हणाले आधी ती साखरेची गोणी आत घे.