स्वतःच लाइन जुळवून घेणारा टेलिफोन हायब्रिड: सहा महिने वापरल्यावर

फोनवरच्या मुलाखती रेकॉर्ड करताना माझाच आवाज डब्यातून आल्यासारखा परत यायचा. हायब्रिड म्हणजे फोनची लाइन रेकॉर्डिंगला जोडणारं, जाणारा आणि येणारा आवाज वेगळा काढणारं यंत्र. माझ्या जुन्या हायब्रिडला दोन नॉब होते, एक रेझिस्टन्सचा, एक कपॅसिटन्सचा. दर कॉलला हेडफोन लावून ते फिरवत बसायचं, तोवर पलीकडचा माणूस ताटकळलेला.

फोनचं बोलणं दोनच तारांवरून जातं आणि येतंही. ते वेगळं काढायचं तर हायब्रिडच्या आतला इंपीडन्स, म्हणजे विजेच्या संकेताला होणारा अडथळा, लाइनशी जुळावा लागतो. कागदावर 600 ओहम असतात, पण खऱ्या लाइनचा इंपीडन्स वारंवारतेनुसार बदलतो, केबल लांब असली की आणखीच. समोर नुसते 900 ओहम आले तरी पाचवा हिस्सा परत फिरतो, म्हणजे मूळ आवाजाच्या फक्त 14 डेसिबल खाली. कानाला चांगलंच खुपतं ते.

हे यंत्र कॉल लागताच क्षणभर ‘खर्र’ करतं, परत काय आलं ते मोजतं आणि डिजिटल फिल्टर त्याप्रमाणे बसवतं. नंतरही सुधारत राहतं. परवा घरात कुणीतरी त्याच लाइनवरचा दुसरा फोन उचलला. आवाज एकदम घुमला, आणि मी “हं, सांगा ना” म्हणेपर्यंत शांतही झाला! जुन्यावर ती मुलाखत वायाच गेली असती.

दोघं एकदम बोलू लागलो की मात्र ते थोडं गोंधळतं, वाक्याची टोकं चिरकतात. वादाच्या कार्यक्रमांना म्हणून मी ते सुचवणार नाही. मुलाखतींसाठी डोळे झाकून घ्या. पाहुण्यांना फक्त त्या ‘खर्र’ची आधी कल्पना द्या.